आईला कळसूबाई चढायचंय. कधी, कुठून आणि कसं?

शर्वरी_ठाणे · ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईचं वय ६३. ऐन तरुणपणात चार वर्षं ती भंडारदऱ्याजवळ शेंडीच्या अलीकडच्या एका वाडीवर शाळेत शिकवायला होती. रोज शाळेच्या पडवीतून कळसूबाई दिसायची. पोरं नवरात्रात वर जाऊन यायची आणि हिला प्रसादाचा नारळ आणून द्यायची. "पुढच्या वर्षी बाई तुम्ही पण चला" असं दर वर्षी म्हणायची. मग बदली झाली, लग्न झालं, आम्ही दोघी झालो, आणि ते राहूनच गेलं.

मागच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला एकदा कळसूबाईवर जायचंय." बस्, एवढंच. मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर नाही. डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. रोज पाऊण तास चालते. मी स्वतः दोन-तीन सोपे किल्ले केलेत, त्यापलीकडे अनुभव नाही. शिड्यांची मला भीती वाटते, तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. कोणत्या महिन्यात जावं? बारी गावातून की दुसरीकडून? आणि मुळात न्यावं का?

सह्यवेडा · ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

न्या! डोळे मिटून न्या. माझी आजी ७१ व्या वर्षी चढली होती. मधे बसत, गूळ-शेंगदाणे खात, साडेपाच तासांत वर.

भटक्या_नाशिक · ८ सप्टेंबर, रात्री १०:३२

सह्यवेडा, उत्साह कळतो, पण डोळे उघडे ठेवूनच न्या.

शर्वरीताई, थोडी माहिती देतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गाव पायथ्याला असलं तरी तिथून वर जवळजवळ नऊशे मीटरची चढाई आहे, आणि ती सलग आहे. मधे थोडं सपाट लागतं, लगेच पुन्हा चढ. जिने चढून सवय असेल तर एवढंच सांगतो, पंचवीस-तीस मजली इमारत दहा वेळा चढल्यासारखं होतं.

वाट मात्र चुकायची नाही. गावातून निघालं की ओढा, मग भातखाचरं, मग सोंडेवर देवीचं खालचं मंदिर. ज्यांना वर जाणं जमत नाही ते इथेच नारळ फोडतात. त्यापुढे खरा चढ. जिथे कातळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या. शेवटच्या टप्प्याआधी एक सपाटी आणि विहीर आहे, तिथून शेवटची शिडी आणि माथा.

नाशिकच्या बाजूने इंदोरे गावातूनही वाट आहे. ती आईंसाठी अजिबात नको. दाट झाडी, वाट सुटते, आणि वरचा भाग कड्याच्या कडेने जातो.

मुग्धा_पुणे · ९ सप्टेंबर, सकाळी ८:१५

शिड्या नक्की किती? मी तीन मोजल्या, आमच्या ग्रुपमधला एक जण चार म्हणतो. पाच वर्षं हा वाद चालू आहे.

बारीकर · ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी बारीचाच. तीन मोठ्या आणि माथ्याला लागून शेवटची एक. तुम्ही दोघं पण बरोबर.

शिडी म्हटल्यावर लोक बांबूची शिडी डोळ्यासमोर आणतात. तशी नाही. दोन्ही बाजूंनी धरायला नळ्या आहेत, पाय टेकायला रुंद पट्ट्या आहेत. जिना म्हणा, पण उभा जिना. आमच्या म्हाताऱ्या आज्या लुगड्याचा काष्टा मारून अनवाणी जातात. शिड्या लागल्या नव्हत्या तेव्हा साखळी धरून जायच्या.

ताई, तुमच्या आई कोणत्या वाडीवर होत्या? आमच्या घरातली बरीच जण तिकडच्या शाळेत शिकली.

फिजिओ_नाशिक · ९ सप्टेंबर, रात्री ८:५०

गुडघ्याबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल कुणी बोललं नाही.

चढताना दम लागतो, पण गुडघा दुखतो तो उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत आपलं वजन पेलतो. त्याला याची सवय नसेल तर दोन तासांत तो थकतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून नुसतं चालून तयारी होत नाही. आईंना आजपासून हे करायला सांगा: घरातल्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभं राहायचं, कठडा धरायचा, आणि एक पाय मनात तीन आकडे म्हणत हळूहळू खाली टेकवायचा. दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्या. दिवसाआड. दुखलं तर थांबायचं, नुसतं थकल्यासारखं वाटलं तर चालेल. सहा ते आठ आठवडे केलंत तर फरक दिसेल.

दोन काठ्या न्या, एक नको. एकीने शरीर एका अंगाला झुकतं. शिडी आली की काठ्या घडी करून पाठपिशवीला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत.

रक्तदाबाची गोळी त्या दिवशीही घ्यायची, चुकवायची नाही. फक्त ती लघवी वाढवणारी असेल तर घाम आणि गोळी मिळून पाणी कमी पडतं. त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला.

आणि विरळ हवेची काळजी करू नका. तो त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो.

शर्वरी_ठाणे · ९ सप्टेंबर, रात्री ११:१०

फिजिओताई, खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती लगेच उठून जिन्याकडे गेली, रात्री साडेदहाला! उद्यापासून कर म्हटलं.

बारीकर, वाडीचं नाव विचारून सांगते. तिला तिथलं एक जांभळीचं झाड फार आठवतं, एवढं खरं.

रानफुला · १० सप्टेंबर, सकाळी ७:००

आत्ता सप्टेंबर चालू आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गेलात तर सोनकी फुललेली असेल, सगळा उतार पिवळा. तेरडा, कवला, निळी सीतेची आसवं. नुसतं बघत बसावं असं असतं. थंडीत गेलात तर हवा छान, पण गवत वाळलेलं.

भटक्या_नाशिक · १० सप्टेंबर, सकाळी ९:३०

फुलांसाठी तुम्ही जा, आईंना पावसाळी निसरड्यावर नेऊ नका. त्या कातळावर शेवाळ असतं, आणि पायाखाली काय आहे ते ढगात दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

सह्यवेडा · १० सप्टेंबर, सकाळी ११:४५

माझा आग्रह रात्रीच्या चढाईचा. शनिवारी रात्री बाराला बारीतून निघायचं, पहाटे वर, सूर्योदय बघायचा. ऊन लागत नाही, उंची दिसत नाही, त्यामुळे शिडीची भीतीही वाटत नाही. भंडारदऱ्याच्या पाण्यावर पहिलं ऊन पडतं ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

मुग्धा_पुणे · १० सप्टेंबर, दुपारी १२:३०

सह्यवेडा, ठाम असहमती.

मागच्या जानेवारीत आम्ही शनिवारीच रात्री गेलो होतो. दुसऱ्या शिडीखाली पहाटे चारला रांग लागली होती. मुंबई-पुण्याहून बसगाड्या भरभरून आलेल्या. सव्वा तास आम्ही त्या अरुंद जागेत उभे होतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर. माझ्यापुढे एक मुलगी थंडीने कुडकुडत रडत होती, तिच्या ग्रुपचा माणूस केव्हाच पुढे निघून गेलेला. आम्ही तिला आमची शाल दिली. कुणी मोठ्याने गाणी लावलेली, कुणी वरून दगड सरकवलेला. नशीब कुणाला लागला नाही.

त्रेसष्ट वर्षांच्या बाईंना अशा रांगेत उभं करायचं? कधीच नाही. आणि ज्या डोंगराकडे त्यांनी चार वर्षं पाहिलं, तो त्यांना अंधारात चढायला लावायचा?

सह्यवेडा · १० सप्टेंबर, दुपारी १:०५

शेवटचं वाक्य पटलं. माघार.

बारीकर · १० सप्टेंबर, रात्री ९:००

मुग्धाताई बोलल्या ते खरं आहे. शनिवार-रविवार गावात गाड्या लावायला जागा राहत नाही. आम्हाला धंदा होतो, खोटं कशाला बोलू. पिठलं-भाकरी, चहा, लिंबू सरबत, कांदाभजी, यावर वाटेवरच्या कितीतरी घरांचं वर्ष निघतं. पाण्याच्या बाटल्यांचा खोका डोक्यावर घेऊन आमच्या बायका तिसऱ्या शिडीच्या वर नेतात. म्हणून लोक येऊ नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण सोमवारी आम्ही पोरं पोती घेऊन वर जातो आणि बाटल्या, वेफरच्या पिशव्या, ओले टिश्यू गोळा करतो. दर सोमवारी. देवीचं ठिकाण आहे हे लोकांनी ध्यानात ठेवावं एवढंच.

ताई, मंगळवार, बुधवार, गुरुवार असा कुठलाही वार धरा. गावातलं एक माणूस सोबत घ्या. वाट दाखवायला नाही, वाट तर दिसतेच. आईंची पिशवी धरायला आणि शिडीवर त्यांच्या खालच्या पायरीवर उभं राहायला.

अण्णा_अकोले · ११ सप्टेंबर, सकाळी ६:४०

देवीचा विषय निघाला म्हणून. कळसू ही कोळ्याची पोर. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात ती गोष्ट अशी: ती पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. बाकी सगळं करीन. घरच्यांनी कबूल केलं. पुढे एक दिवस घाईगर्दीत कुणीतरी तिला ती कामं सांगितलीच. तिने वाद घातला नाही. सांगितलं तेवढं केलं आणि डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. जिथे थाळ्या घासल्या ते थाळेमेळ, जिथे केर टाकला तो काळदरा.

लहानपणी मला ही नुसती देवीची गोष्ट वाटायची. आता वाटतं, शब्द दिला होता आणि मोडला, त्याची ही गोष्ट आहे. ज्या घरात दिवसभर राबायचं त्या घराकडून एक साधी गोष्ट मागितली होती तिने.

मुक्ता · ११ सप्टेंबर, सकाळी ८:२०

अण्णा, अंगावर काटा आला. शर्वरीच्या आईनेही एकच गोष्ट मागितली आहे.

इतिहासप्रेमी · ११ सप्टेंबर, सकाळी १०:१०

एक दुरुस्ती नव्हे, भर. बरेच जण 'कळसूबाईचा किल्ला' म्हणतात. तो किल्ला नाही, शिखर आहे. सर्वांत उंच किल्ला हवा असेल तर बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांशी उघड्या मैदानात लढून जिंकलेली मोठी लढाई त्याच साल्हेरची.

आणि 'सह्याद्रीतलं सर्वोच्च शिखर' असंही सरसकट लिहिलं जातं. महाराष्ट्रापुरतं ते खरं. पूर्ण पश्चिम घाट धरला तर केरळातलं अनाईमुडी २६९५ मीटर आहे.

सह्यवेडा · ११ सप्टेंबर, सकाळी १०:५५

अनाईमुडी असेल उंच. कळसूबाई आपली आहे.

इतिहासप्रेमी · ११ सप्टेंबर, सकाळी ११:०२

याला मात्र काही उत्तर नाही. :)

कीर्ती_डॅलस · ११ सप्टेंबर, दुपारी ३:३०

माथ्यावरून काय काय दिसतं कुणी नीट सांगाल का? मी २००९ मध्ये गेले तेव्हा पूर्ण ढग. वर देवीच्या छोट्याशा मंदिराला टेकून तासभर बसलो, तरी शेजारच्याचा चेहरा दिसेना. अजून चुटपुट आहे.

भटक्या_नाशिक · ११ सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

हवा स्वच्छ असेल तर: पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट, एकापुढे एक उभं. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड. रतनगडाच्या शेजारचा खुटा नावाचा सुळका ओळखता आला की रतनगड पक्का. आणखी मागे घनचक्कर, हरिश्चंद्रगडाचा पसारा. पूर्वेला औंढा, पट्टा, बितनगड. उत्तरेला त्र्यंबकची रांग, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी.

धरण प्रवरेवरचं. १९२६ मध्ये बांधून पूर्ण झालं. विल्सन धरण हे त्याचं जुनं नाव.

रानफुला · ११ सप्टेंबर, रात्री ८:००

अवांतर: मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात याच भागात काजवे बघायला जा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत उजळतात आणि विझतात. पण गाडीचे दिवे आणि टॉर्च बंद ठेवा. तो उजेड त्यांचा जोडीदार शोधण्याचा निरोप असतो, आपल्या दिव्याने तो पुसला जातो. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

मुग्धा_पुणे · १२ सप्टेंबर, सकाळी ९:००

अवांतरात भर: अत्तर, सुगंधी स्प्रे लावून जाऊ नका, वाटेत धूर करू नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. मी एकदा दुसऱ्या एका किल्ल्यावर त्यांच्या तडाख्यात सापडलेय, अठरा काटे काढले डॉक्टरांनी.

शर्वरी_ठाणे · १५ सप्टेंबर, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आई रोज हा धागा वाचते. अण्णांची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली, म्हणाली, "पोरं मला सांगायची, पण थाळेमेळचं विसरले होते."

ठरलं: दिवाळीनंतरचा मंगळवार. बारीतून, सकाळी सहाला चढायला सुरुवात. आदल्या दिवशी समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्याहून इगतपुरी, मग घोटीवरून बारी. मुक्काम गावातच.

वीजतंत्री · १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

ऑक्टोबर अखेर म्हणजे परतीच्या पावसाचे ढग असू शकतात, ते बहुतेक दुपारनंतर येतात. कळसूबाई हा आसपासचा सर्वांत उंच बिंदू आणि वाटेत लोखंडी शिड्या. वीज चमकली आणि मनात तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती जवळ आहे. त्या वेळी शिडीवर, माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली राहायचं नाही. लगेच खाली. शिखर किती जवळ आहे याचा हिशोब करायचा नाही.

शर्वरी_ठाणे · २९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काल जाऊन आलो. वर पोचलो नाही.

सहाला निघालो. बारीकर यांनी गावातली एक काकू सोबत दिली, आईच्याच वयाच्या. दोघी पुढे आणि मी मागे. खाचरांत भात कापणीला आलेला, त्याचा वास सगळ्या वाटेवर. खालच्या मंदिरात आईने नारळ फोडला नाही. "वर फोडू," म्हणाली.

पहिली शिडी आली तेव्हा माझेच पाय लटपटले. आईने पदर खोचला, दोन्ही नळ्या धरल्या आणि चढायला लागली. तिच्या बांगड्या प्रत्येक पायरीला नळीवर वाजत होत्या. किण, किण, किण. मी तेवढा आवाज ऐकत मागोमाग चढले, खाली बघितलंच नाही. वर गेल्यावर दोघींच्या तळव्यांना गंजाचा तांबूस रंग लागलेला.

दुसरी शिडी झाली, अकरा वाजले होते. अलंगच्या बाजूने काळं भरून यायला लागलं. काकू थांबल्या, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, आज नको." दुपार व्हायची होती, वीजही चमकली नव्हती. मला वाटलं तिसरी शिडी तर समोरच दिसतेय, तासाभरात होईल. तेवढ्यात लांब कुठेतरी गडगडलं. आई एक अक्षर न बोलता वळली.

आम्ही खाचरांपाशी पोचलो आणि पाऊस कोसळला. नारळ पिशवीत तसाच. गाडीत मी रडले, आई नाही.

सह्यवेडा · २९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अरेरे. इतक्या जवळ जाऊन. थोडा वेळ आडोशाला थांबला असतात तर कदाचित…

वीजतंत्री · २९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

नाही, सह्यवेडा. त्या काकूंनी केलं ते शंभर टक्के बरोबर. परत फिरलात म्हणून पुन्हा जाता येईल.

फिजिओ_नाशिक · २९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

गुडघा कसा आहे?

शर्वरी_ठाणे · ३० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

गुडघा ठणठणीत! माझ्या पोटऱ्या दुखताहेत, तिच्या नाहीत. आज पहाटे पुन्हा जिन्याच्या पायरीवर उभी होती. नारळ देवघरात ठेवलाय.

बारीकर · ३० ऑक्टोबर, दुपारी १२:००

काकू विचारत होत्या, बाई परत कधी येणार. जानेवारीत या. सकाळी शिडीवर दव असतं, लोखंड गार पडतं. रबरी ठिपक्यांचे हातमोजे आणा. साधे लोकरीचे नको, सटकतात.

शर्वरी_ठाणे · १० जानेवारी, रात्री ८:४५

परवा, गुरुवारी, आई वर पोचली. ११ वाजून २० मिनिटांनी.

सविस्तर मी लिहिणार नाही. ती स्वतःच लिहितेय, मी फक्त टंकते.

*"सर्वांना नमस्कार. मी शर्वरीची आई. तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं लिहिलंत, मी तुम्हाला ओळखतही नाही. डॉक्टरबाई, तुमच्या पायरीने मला वर नेलं आणि खाली आणलं. विजेबद्दल लिहिणाऱ्या दादांनाही आशीर्वाद.*

*वर वारा फार होता. देवीचं मंदिर किती लहान आहे, दोन माणसं आत बसली की भरलं. नारळ फोडला. काकूंनी नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता, तो आम्ही तिघींनी मंदिराच्या आडोशाला बसून खाल्ला. मग मी दक्षिणेकडे बघत बसले. धरणाचं पाणी सापडलं. पाण्यावरून भिंत, भिंतीवरून शेंडीची घरं. तिथून अलीकडे बोट आणत आणत आमच्या वाडीपर्यंत आले. शाळा दिसली नाही, इतक्या लांबून कशी दिसणार. पण शाळेकडे जाताना ओढ्याचं जे वळण लागायचं ते दिसलं. चार वर्षं मी तिकडून इकडे बघितलं होतं. इकडून तिकडे कधीच नाही.*

*बारीचे दादा, तुम्ही वाडी विचारली होती. ओढ्याच्या वळणावर मोठी जांभळीण होती, उन्हाळ्यात वर्ग आम्ही तिच्याखाली भरवायचो. ती आहे का?"*

कीर्ती_डॅलस · १० जानेवारी, रात्री ९:३०

काकू, माझ्या ढगात हरवलेल्या माथ्यावरून तुम्ही मला सगळं दाखवलंत. डोळे भरून आले.

मुग्धा_पुणे · १० जानेवारी, रात्री ९:४४

काकू!!! अभिनंदन!

अण्णा_अकोले · ११ जानेवारी, सकाळी ६:१०

बाई, साष्टांग नमस्कार.

नवा_गिर्यारोही · ११ जानेवारी, सकाळी १०:२०

सगळा धागा एका दमात वाचला, वाचनखूण साठवली. मार्चमध्ये वडिलांना (वय ५८) न्यायचा विचार आहे. ऊन फार होईल का?

भटक्या_नाशिक · ११ जानेवारी, सकाळी ११:००

पहिल्या आठवड्यात जा. पहाटे पाचला निघा, अकराच्या आत उतरायला लागा. माणशी तीन लिटर पाणी. वरची विहीर तोवर खाली गेलेली असते, तिच्या भरवशावर राहू नका. खालच्या मंदिरापुढे सावली जवळजवळ नाही.

बारीकर · ११ जानेवारी, सायंकाळी ७:३०

बाई, आज फोटो काढायला गेलो होतो. जांभळीण आहे. मधल्या वर्षांत एका अंगाची फांदी मोडली, तिथून नवीन फुटवा आलाय तोच आता माझ्या मांडीएवढा जाड आहे. शाळा रस्त्याच्या पलीकडे पक्क्या इमारतीत गेली, पण पोरं मधल्या सुट्टीत झाडाखालीच असतात.

जूनच्या आरंभी या. जांभळं तेव्हा खाली पडायला लागतात.

शर्वरी_ठाणे · ११ जानेवारी, रात्री ८:१०

आई विचारतेय, जूनमध्ये शाळा कितव्या तारखेला उघडते?

बारीकर · ११ जानेवारी, रात्री ८:२५

पंधराच्या सुमारास. त्या दिवशीच या, मी गुरुजींना सांगून ठेवतो.